पॉइन्सेटियाला खत: विद्राव्य की दाणेदार?

मैत्रीण या प्रश्नावर अडली आहे: पाण्यात विरघळणारं खत घेऊ की हळूहळू झिरपणारे दाणे? पानं लाल असताना दोन्ही नकोत. (हो, ती पानंच, खरी फुलं म्हणजे मधले पिवळे मणी.) छाटणीनंतर नवे कोंब फुटले की सुरुवात करायची.

कष्ट दाण्यांना कमी. एकदा मातीत मिसळले की तीन-चार महिने बघायला नको. पण उन्हाळ्यात त्यांतलं खत भराभर सुटतं, आणि घातलेले दाणे परत वेचता येत नाहीत. माझ्या रोपाच्या पानांच्या कडा त्यांनीच करपल्या. विद्राव्य खत दर 15 दिवसांनी, अर्ध्या मात्रेत, ओल्या मातीत द्यायचं. मातीवर साचलेल्या खताच्या क्षारांची पांढरी पापडी दिसली की लगेच थांबवता येतं. खर्च एका कुंडीपुरता किरकोळच.

विसरभोळ्यांनी दाणे घ्यावेत, रोज कुंडीत डोकावणाऱ्यांनी विद्राव्य.