रूट कॅनल केलेली दाढ: कॅप बसून आठ महिने झाले

डाव्या बाजूची खालची पहिली दाढ. ही सहाव्या-सातव्या वर्षी येते, पण दुधाची नसते. गेली की गेली. माझी गेल्या वर्षी नेमकी चतुर्थीत ठणकायला लागली. घरात गणपती, माजघरात पाहुणे झोपलेले आणि मी रात्री अडीच वाजता पडवीत बसून गार पाण्याच्या चुळा भरतेय. आडवं झालं की ठणका वाढायचा. गरम चहाने जीव जायचा, गार पाण्याने निवायचा. लवंगेच्या तेलाने तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं.

चौथ्या दिवशी दुखणं आपोआप थांबलं. बाप्पा पावला म्हणून मी विषय सोडला. खरं म्हणजे नस मेली होती. दाढेच्या टणक भिंतींत सुजलेल्या नसेला पसरायला जागा नसते, म्हणून तो ठणका. मेली की ओरडणारंच कोणी उरत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात. डिसेंबरात हिरडीवर पुळी आली. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून खाल्लं, पुळी बसली, पंधरा दिवसांत परत वर. मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही, तर औषध तिथे पोचणार कसं?

सासूबाईंचं म्हणणं, "काढून टाक मगे! माझे सगळे गेले, काय अडला माझा?" त्यांना मऊ भात लागतो, हे मी बोलले नाही. काढली असती तर शेजारची दाढ हळूहळू त्या खळग्यात कलली असती, वरची खाली उतरली असती.

आमच्या मालवणात रूट कॅनलच्या तज्ज्ञ डॉक्टर महिन्यातून दोन शनिवार कोल्हापूरहून येतात. जानेवारीत दोन खेपा झाल्या. इकडे लोक 'नस जाळली' म्हणतात, पण जाळत काही नाहीत. इंजेक्शन देऊन दाढेभोवती रबराचा पडदा ताणतात, बारीक सुयांनी मुळांतल्या, नस असलेल्या नळ्या खरवडतात आणि सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. ते ब्लीचच, घशात जाऊ नये म्हणूनही तो पडदा. माझ्या दाढेत नळ्या चार निघाल्या. दुखलं ते इंजेक्शन टोचताना. पुढचे तीन दिवस चावताना ठसठस. नळ्यांत भरतात तो गटापर्चा, मलायाकडच्या एका झाडाचा चीक, आपल्या चिकूच्या आणि बकुळीच्या कुळातला. 1851 साली इंग्लिश खाडीच्या तळाशी टाकलेल्या टेलिग्राफच्या तारेवरही हेच वेष्टण होतं. समुद्रात टिकलं ते तोंडात टिकेल, असं मी मनाला सांगितलं.

पुढची चूक माझी. पंधरा दिवसांत कॅप बसवा, पोखरलेली दाढ नुसत्या सिमेंटवर चावण्याचा जोर सोसत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण कलमांना मोहोर, फवारणीची घाई, शिवाय दुखत काहीच नव्हतं. आंगणेवाडीच्या जत्रेतून आणलेलं खाजं त्याच बाजूने चावलं आणि कट्ट! आतला कोपरा निघाला. हिरडीच्या वर तुटला म्हणून वाचले. चीर मुळात गेली असती तर काढण्यावाचून इलाज नव्हता. दाढ पुन्हा बांधून एप्रिलमध्ये झिरकोनियाची, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या टणक सिरॅमिकची, कॅप बसली. सगळं मिळून साडेअकरा हजार गेले, त्यातले दीड हजार त्या खाज्याचे.

आता वापराचं. पहिला आठवडा कॅप उंच लागत होती. जाऊन घासून घेतली, तेव्हा बरं वाटलं. गार सोलकढीची कळ त्या दाढेला येत नाही. पण तिसऱ्यांत (शिंपल्यांत) रेतीचा एक कण राहिला तरी तीच दाढ पहिली सांगते! नस गेली तरी दाबाची जाणीव मुळाभोवतीच्या पडद्यात असते, तो शाबूत आहे. म्हणजे दाढ अगदीच 'मेलेली' नाही. कुरकुर एकच: कॅप आणि मागच्या दाढेमधल्या फटीत अडकतं. हापूसने त्रास दिला नाही, रायवळ चोखला की रेषा बसलीच. रोज रात्री धागा फिरवावा लागतो. कॅपच्या कडेखाली पुन्हा कीड लागली तर या दाढेत कळ येणार नाही, हे आता पक्कं कळलंय.

ऑक्टोबरातल्या एक्स-रेत मुळाच्या टोकाची काळी सावली निम्म्याहून लहान झालेली दिसली. पुढचा एक्स-रे एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या हंगामात. तारीख या वेळी मीच लिहून घेतलीय.