ऑनग्रीड घ्यायचं का हायब्रीड? आधी लाईट किती जाते ते बघा

घरावर सोलर बसवायचं म्हटलं की सगळे आधी किती किलोवॅट हे विचारतात, पण त्याच्याही आधी तुमच्याकडे लाईट किती वेळ जाते ते बघा, कारण ऑनग्रीड (वीज कंपनीच्या लाईनला म्हणजे ग्रीडला जोडलेलं, बिनबॅटरीचं) का हायब्रीड (ग्रीडला जोडलेलं, पण सोबत बॅटरी असलेलं) हे त्यावरच ठरतं आणि खर्चातला मोठा फरकही तिथेच पडतो.

पॅनल दोन्हीत सेमच असतात. सिलिकॉनच्या सेलवर ऊन पडलं की आतले इलेक्ट्रॉन मोकळे होतात, सेलच्या दोन थरांच्या जोडावर मुळातच जे विद्युत क्षेत्र असतं ते त्यांना एकाच बाजूला ढकलतं आणि वरून दिसतात ना त्या चंदेरी बारीक रेघा, तिथून डीसी (एकाच दिशेने वाहणारा) करंट बाहेर पडतो. एक सेल जेमतेम अर्धा व्होल्ट देतो, म्हणून ते एकापुढे एक जोडलेले असतात. घरात लागतो 230 व्होल्टचा एसी (दिशा बदलत राहणारा) करंट, तो इन्व्हर्टर करून देतो. बाकी पॅनलला ऊन पाहिजे, ताप नको. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे पॅनल 65 डिग्रीपर्यंत तापलं तर पॉवर तेरा-चौदा टक्के तरी कमी मिळते.

ऑनग्रीडमध्ये बॅटरीच नाही. 1 किलोवॅटला रोजचे साधारण 4 युनिट धरा, म्हणजे 3 किलोवॅटला महिन्याचे 350 च्या आसपास. दुपारी घरात कोणी नसतं तेव्हाची वीज नेट मीटरमधून (लाईनवर गेलेली आणि लाईनवरून घेतलेली दोन्ही वीज मोजणारं मीटर) लाईनवर जाते आणि रात्री तुम्ही वापरलेल्या युनिटमधून वजा होते. 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी आहे आणि जास्तीत जास्त तेवढीच मिळते. पण मेख अशी की लाईट गेली की टळटळीत उन्हात पण तुमचं सोलर बंद! लोकांना हे बसवल्यावर कळतं आणि मग चिडचिड होते. तो बिघाड नाहीये, तुमची वीज लाईनवर गेली तर पोलवर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवावर बेतेल म्हणून इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो.

हायब्रीडमध्ये बॅटरी असल्यामुळे लाईट गेली तरी घर चालू राहतं, फक्त किती चालेल याचा हिशोब आधी करा. 150 एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठवणीचं माप) 12 व्होल्टची एक बॅटरी म्हणजे 1.8 युनिट, त्यातलं लेड ॲसिडमधून (नेहमीची इन्व्हर्टरची बॅटरी) निम्मंच काढायचं, नाहीतर बॅटरी लवकर बाद होते. म्हणजे हातात आलं 0.9 युनिट. दीड टनाचा एसी एवढं पाऊण तासात खाऊन टाकेल, तेच दोन साधे पंखे आणि चार एलईडी तेवढ्यावर चार-पाच तास निघतील. लिथियममधून 80-90 टक्के काढता येतं आणि टिकते पण बरीच जास्त, पण किंमत ऐकून घाम फुटतो.

माझं मत विचाराल तर पुण्या-नाशकात, जिथे लाईट महिन्यातून एखाद-दोन वेळा जाते तिथे सरळ ऑनग्रीड घ्या आणि घरात जुना इन्व्हर्टर-बॅटरी असेल तर तो तसाच ठेवा, लाईट-पंख्याचं तो बघेल. फक्त वायरमनला सांगा की सोलरची लाईन त्या इन्व्हर्टरच्या आउटपुटला अजिबात जोडायची नाही. गावाकडे रोजचं लोडशेडिंग असेल तर मात्र हायब्रीडला पर्याय नाही. कोकणात तर पावसाळ्यात लाईट पण जाते आणि आभाळामुळे जनरेशन पण पडतं, त्यामुळे तिथे नुसते पॅनल वाढवून फायदा नाही, बॅटरीच जरा मोठी घ्या, म्हणजे लाईट असताना ती ग्रीडवरून भरून ठेवता येते. पूर्ण ऑफग्रीड, म्हणजे लाईनला न जोडता नुसत्या पॅनल-बॅटरीवर चालणारं, फक्त जिथे लाईन पोचलीच नाही अशा शेतघरासाठी.

हायब्रीडचं कोटेशन घेताना बॅकअपच्या लोडचा डीबी (ब्रेकरचा बॉक्स) वेगळा करून देणार का ते विचारा, त्यात फ्रिज, पंखे, लाईट आणि वायफाय एवढंच घ्या, गीझर आणि एसी बाहेर ठेवा.