डेमियन राइस की ग्लेन हॅन्सर्ड: आधी कोणाला ऐकावं?

दोघेही डब्लिनच्या परिसरातले, दोघांच्या हातात साधी अकूस्टिक गिटार आणि दोघांचं एकेक गाणं सिनेमामुळे जगभर पोचलेलं. त्यामुळे प्लेलिस्ट करणारे दोघांना एकाच पिशवीत कोंबतात. नवा माणूस चार गाणी ऐकतो, 'सगळं रडकंच आहे' म्हणतो आणि विषय संपतो. एका वेळी एकालाच ऐकलं तर असं होत नाही. प्रश्न एवढाच की आधी कोण.

वेळ कमी असेल तर राइस, कारण त्याचा पसाराच लहान आहे. 'ओ' (2002), 'नाइन' (2006) आणि 'माय फेव्हरिट फेडेड फँटसी' (2014) असे तीन स्टुडिओ अल्बम. एका रविवारात तिन्ही ऐकून होतात. पण हे तीन अल्बम कसे झाले ते कळलं की गाणी वेगळी ऐकू येतात. राइस किल्डेअर काउंटीतल्या सेलब्रिजमध्ये वाढला. तिथल्या मित्रांबरोबर त्याचा 'ज्युनिपर' नावाचा बँड होता, पॉलिग्रॅमसारख्या बड्या कंपनीशी करारही झाला होता. कंपनीला हवं तसं संगीत करायचं नाही म्हणून तो बाहेर पडला, इटलीत टस्कनीला जाऊन शेतात रमला, मग युरोपभर रस्त्यावर गात फिरला. (मागे राहिलेल्या मित्रांनी 'बेल एक्स वन' काढला आणि आयर्लंडमध्ये चांगलं नाव केलं, म्हणजे नुकसान कुणाचंच झालं नाही.) परत आल्यावर नात्यातल्या डेव्हिड आर्नोल्डनं, बाँडपटांना संगीत देणाऱ्यानं, घरी रेकॉर्डिंग करता येईल एवढं सामान मिळवून दिलं. त्यातून 'ओ' झाला.

'ओ'मधलं 'द ब्लोअर्स डॉटर' नीट ऐका. बराच वेळ फक्त त्याचा आवाज, गिटार आणि तारवाद्यं. गाणं आता संपणार असं वाटतं तेव्हा सहगायिका लिसा हॅनिगनचा आवाज येतो, आणि तोवर एकट्या माणसाची कैफियत वाटत होती तिला अचानक दुसरी बाजू मिळते. हेच गाणं 2004 च्या 'क्लोजर' सिनेमात वापरलं गेलं. 2007 मध्ये राइसनं हॅनिगनबरोबरचं काम थांबवलं. 'नाइन'नंतरचा अल्बम यायला एकूण आठ वर्षं लागली. रिक रुबिननं निर्मिती केलेला हा तिसरा अल्बम देखणा आहे, पण त्यात तिची जागा रिकामी आहे हे मला प्रत्येक वेळी जाणवतं.

हॅन्सर्डचं सगळं उलटं. डब्लिनच्या बॅलिमन भागातला हा मुलगा तेराव्या वर्षी शाळा सोडून शहरातल्या ग्राफ्टन स्ट्रीटवर गायला उभा राहिला. 1990 मध्ये 'द फ्रेम्स' हा बँड काढला, 1991 मध्ये ॲलन पार्करच्या 'द कमिटमेंट्स'मध्ये गिटारवाल्याची भूमिका केली, आणि मग दीड दशक बँडबरोबर घासली. बँडचे अल्बम, चेक गायिका मार्केटा इर्ग्लोव्हाबरोबरचा 'द स्वेल सीझन', 2012 पासूनचे एकट्याचे अल्बम: हे सगळं मिळून ढीग आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात भरताडही आहे. वाट दाखवणारा नसेल तर माणूस हरवतो.

म्हणून हॅन्सर्डची सुरुवात गाण्यांपासून करूच नका. आधी 'वन्स' पाहा. 2007 चा हा कमी पैशातला सिनेमा जॉन कार्नीनं केला, आणि कार्नी एकेकाळी 'द फ्रेम्स'मध्येच बास वाजवायचा. सुरुवातीला हॅन्सर्ड ग्राफ्टन स्ट्रीटवर शिरा ताणून गातोय आणि एक भुरटा समोरचे पैसे घेऊन पळतो. पुढे वाद्यांच्या दुकानात तो मार्केटाला एक गाणं शिकवतो. ती पियानोवर चाचपडत साथ धरते, मग हळूच दुसरा आवाज लावते. हेच ते 'फॉलिंग स्लोली', ज्याला 2008 मध्ये ऑस्कर मिळालं. तेच गाणं 'द फ्रेम्स'च्या 'द कॉस्ट' या अल्बमवर बँडसकट आहे. लागोपाठ ऐका. मला दुकानातलंच आवडतं.

त्यानंतर थेट 'द फ्रेम्स'चा 'सेट लिस्ट'. डब्लिनच्या व्हिकार स्ट्रीट सभागृहातल्या मैफलींचं हे 2003 मध्ये आलेलं रेकॉर्डिंग आहे. समोर माणसं असली की हॅन्सर्ड फुलतो, स्टुडिओत तो कधीकधी अवघडल्यासारखा वाटतो. मग एकट्याच्या अल्बमांमधला 'डिडन्ट ही रॅम्बल' (2015) घ्या, बाकीचे नंतर सवडीनं.

इंग्रजी गाण्यातले शब्द पटकन कळत नसतील तर तेही राइसच्याच पारड्यात जातं. तो शब्द सावकाश, जवळजवळ कानात टाकतो. हॅन्सर्ड कुजबुजीतून ओरडण्यावर जातो तेव्हा शब्द हातून निसटतात, भाव पोचतो. राइसला हेडफोन आणि बंद दार लागतं. हॅन्सर्ड स्पीकरवर, घरात लोक असताना चालतो.

माझं मत विचाराल तर आधी 'ओ', पण वर्षभरानं पुन्हापुन्हा लावला जाईल तो बहुधा हॅन्सर्ड. राइसच्या गाण्यांत राहायला फार दिवस जमत नाही, निदान मला तरी नाही.

आणि 'ओ'ची सीडी मिळाली तर शेवटचं 'एस्किमो' संपलं म्हणून लगेच बंद करू नका. त्यात मध्येच फिनिश भाषेत ऑपेराचा सूर लागतो, तेव्हा दुसरंच काही सुरू झालं की काय असं वाटेल, तसं नाही. दुसरं काही त्यानंतर येतं. गाणं थांबतं, शांतता पसरते, आणि मग यादीत नाव नसलेली दोन गाणी वाजतात. त्यातलं दुसरं हॅनिगन एकटी गाते.