उलुदाग गझोझ : बुर्सात हिवाळा-उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

कामानिमित्त तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात राहायला आल्यापासून आमच्या फ्रिजच्या दारात उलुदाग गझोझ, म्हणजे इथलं गोड, गॅसचं थंड पेय, कायम असतो. चाकणहून कामासाठी येणारे सहकारी जेवताना हमखास विचारतात, घ्यावा का? म्हणून हे सविस्तर.

दिसायला पाण्यासारखा, त्यामुळे लिंबू सोडा समजून लोक तोंडाला लावतात. लिंबाशी त्याचा फार संबंध नाही. आधी फळांच्या गोळ्यांसारखा गोड वास येतो, मग गॅस नाकात चढतो, आणि आंबटपणा सगळ्यात शेवटी, जिभेच्या कडांना जाणवतो. गोड आहे, चांगलाच गोड. तरी घोट गिळल्यावर तोंड चिकट होत नाही, ही त्याची खरी करामत.

घ्यायचा तर पाव लिटरच्या काचेच्या बाटलीतलाच. पत्र्याचं बूच उघडलं की मानेपाशी धूर दिसावा इतका गार हवा. गारव्यात गॅस पाण्यात धरून राहतो. कोमट झाला की नुसतं साखरपाणी. एका सुपरमार्केटातून प्लास्टिकची मोठी बाटली आणली होती, ती दुसऱ्या दिवशी पार बसली. पुन्हा आणली नाही.

तुर्कस्तानात गावोगावी आपापला गझोझ असायचा. १९६४ मध्ये कोका-कोला आला आणि छोटे कारखाने हळूहळू बंद पडत गेले. तरी नीदेचा, डेनिझ्लीचा असे काही टिकले. बुर्साचा हा १९३०च्या दशकापासूनचा, शहराच्या डोक्यावर उभ्या असलेल्या २५४३ मीटर उंच उलुदागच्या नावाचा. उन्हाळ्यात उघड्यावरच्या सिनेमाला गझोझ आणि सूर्यफुलाच्या बिया, ही जोडी इथली जुनी माणसं अजून आठवणीने सांगतात. आपल्याकडची गोटी सोड्याची दुकानं ज्यांनी मिटताना पाहिली, त्यांना हा जिव्हाळा समजावून सांगावा लागणार नाही.

जेवणाबरोबर म्हणाल तर इस्केंदर कबाबाशी, म्हणजे पावाच्या तुकड्यांवर रचलेल्या मांसाच्या कापांशी, मला तो जमत नाही. वरून ओतलेलं कढतं लोणी आणि ही गोडी, दोन्ही अंगावर येतात. तिथे शिरा नावाचं द्राक्षांच्या रसाचं पेयच हवं. पण भट्टीतून नुकत्याच काढलेल्या जान्तिकबरोबर, म्हणजे इथल्या खिमा घातलेल्या छोट्या पिदे रोटीबरोबर, गझोझच. खाऱ्या-तिखट घासानंतर तो घोट फार बरा वाटतो.

तक्रार एकच, साखर. दुसरी बाटली मला जात नाही, आणि मधुमेहवाल्यांनी या वाटेला जाऊच नये. घरी मी निम्मा गझोझ, निम्मं गॅसचं खनिज पाणी आणि लिंबाची फोड असं करतो. चव जात नाही, गोडी उतरते. वर चाट मसाला टाकायचा असेल तर पेला निम्माच भरा आणि मोरीपाशी उभे राहा, फेस थेट काठाबाहेर येतो.