बिबिएना की पिरानेझी: शाईतल्या काल्पनिक वास्तूंचा सराव कोणापासून करावा?

शाईने मनातले रोमन महाल आणि पडक्या कमानी काढायला शिकायचं, तर बहुतेक जण थेट इटालियन चित्रकार पिरानेझी समोर ठेवतात. मी म्हणेन, आधी बिबिएना.

हे इटलीतलं नेपथ्यकारांचं घराणं. पूर्वी रंगमंचावरच्या देखाव्यातले खांब मधल्या एका लोपबिंदूकडे (समांतर रेघा दूरवर जिथे मिळताना दिसतात त्या बिंदूकडे) धावायचे. फर्दिनांदो बिबिएनाने इमारतीचा कोपराच प्रेक्षकांसमोर आणला आणि १७११ मध्ये ही रीत ग्रंथात मांडली. आता लोपबिंदू दोन, तेही बरेचदा कागदाबाहेर. खांबांची एकच रांग उतरवून पाहा. सगळे माथे आणि सगळे तळखडे एकाच बिंदूकडे जायला हवेत; एक चुकला की महाल कलंडलाच. अडचण एवढीच की इथे पडझड जवळजवळ नाही. सगळं शाबूत, झगमगीत. भग्नावशेषांचीच ओढ असेल, तर कंटाळा येईल.

पिरानेझी (१७२०–१७७८) म्हणजे उलटा स्वभाव. खडूने ढोबळ आखणी, वरून टाकाची धावती रेघ, मग तपकिरी शाईचे पातळ हात. माणसं तर तीन-चार फटकाऱ्यांची. कमानीचा आतला भाग गडद भरायचा आणि कडेला कागद कोरा सोडायचा, की दगडाची जाडी आपोआप दिसते. हे बघताना सोपं वाटतं आणि तिथेच नवखा फसतो. वास्तुकलेचे धडे त्याने व्हेनिसला मामाकडे गिरवले होते, म्हणून अर्धी रेघ गाळली तरी इमारत उभी राहते. आपण गाळली की नुसती गिचमिड.

त्याची काल्पनिक कारागृहांची गाजलेली चित्रं तर सुरुवातीला नकोतच. ती एचिंग आहेत, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली, टाकाची चित्रं नव्हेत; १७६१ च्या आवृत्तीत काळोख आणखी दाट केलाय, आणि तिथले जिने-पूल हिशेबात बसतच नाहीत.

पानिनी हा इटालियन चित्रकारही सुचवला जातो. खरे रोमन अवशेष उचलून तो हवे तसे शेजारी मांडायचा. पण त्याची खरी ताकद तैलरंगात.

वास्तुकलेचे विद्यार्थी असाल, पर्स्पेक्टिव्ह हातात बसलेलं असेल, तर खुशाल पिरानेझी घ्या. दोघांची मूळ रेखाचित्रं न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीच्या संकेतस्थळावर पाहता येतात. बिबिएनासाठी शाई वॉटरप्रूफच घ्या, नाहीतर वॉश (पातळ शाईचा हात) देताना आखीव रेघा फुटतात. पिरानेझीच्या सरावात थोडी फुटली तरी चालून जातं.