हॅलोटॉकवर जपानी शिकणं: रिव्ह्यू (खास एन फोरवाल्यांसाठी)

पुण्यात जपानी शिकणारे इतके आहेत की जुलै आणि डिसेंबरला जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेच्या सेंटरबाहेर जत्रा भरते, पण एन फोर (खालून दुसरी पातळी) पास झालेल्याला जपानी माणसासमोर बसवलं तर पाच वाक्यं धड निघत नाहीत. दोष पोरांचा नाहीये, परीक्षाच तशी आहे, एन फाइव्हपासून एन वनपर्यंत बोलायचा पेपर नाही, निबंध-पत्र काही लिहायचं नाही, नुसते पर्याय निवडायचे. त्यामुळे वाचलेलं कळतं, ऐकलेलं कळतं, पण स्वतःचं वाक्य स्वतः जुळवायची सवयच लागत नाही. ती सवय मला हॅलोटॉक या एकमेकांना भाषा शिकवायच्या चॅट ॲपमुळे लागली म्हणून हे लिहितेय.

ॲप २०१२ पासून आहे, कंपनी चीनमधल्या शेन्झेनची. आपली भाषा कुठली आणि शिकायचीये कुठली ते भरायचं, मग उलटी जोडी असलेली माणसं दिसतात. बहुतेक जपानी लोकांना इंग्लिश हवं असतं आणि ते आधी अमेरिका-इंग्लंडवाल्यांकडे वळतात हे धरूनच चला. पण हिंदी शिकणारे जपानी पण आहेत, टोकियोच्या फॉरेन स्टडीज युनिव्हर्सिटीत आणि ओसाका युनिव्हर्सिटीत हिंदी शिकवतात, शिवाय आपल्या सिनेमांचं वेड असलेले, नोकरीसाठी भारतात राहून गेलेले असे बरेच भेटतात. त्यांना आपण हवेच असतो, ते मनापासून आणि सविस्तर उत्तरं देतात. शोधायचं तर यांना शोधा.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे करेक्शन. समोरचा तुमचा मेसेज दाबून धरतो, तिथल्या तिथे वाक्य सुधारतो आणि चुकलेलं लाल, बरोबर ते हिरवं असं खाली-वर दिसतं. आता बघा, आपण ‘पुण्यात राहते’ आणि ‘पुण्यात काम करते’ दोन्हीकडे तोच ‘त’ लावतो, जपानीत मात्र राहण्याला ‘नि’ आणि काम करण्याला ‘दे’. क्लासमध्ये हे सुरुवातीलाच शिकवतात, सगळ्यांना पाठ असतं, तरी घाईत टाइप करताना मराठी हात ‘पुने नि हाताराइते इमास’ (पुण्यात काम करते) असंच लिहितो. मग उत्तरात ‘नि’ लाल, खाली ‘दे’ हिरवं. हेच वेगवेगळ्या माणसांकडून चार-पाचदा आलं की ते बोटांत बसतं, वर्कशीट सोडवून तसं बसत नाही. आणि कृपा करून वाक्य आधी इंग्लिशमध्ये रचू नका, क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, हे सगळं मराठीसारखंच आहे, थेट मराठीतून जपानीत जा.

फक्त एक आहे, जपानी माणूस संकोची, आपणहून चूक काढत नाही. दोन ओळी लिहिल्या की ‘निहोंगो जोउझु देसु ने’ म्हणजे छान जपानी येतं हो तुम्हाला, आणि चुका जागच्या जागी. म्हणून प्रोफाइलमध्येच लिहून ठेवा की चूक दिसली तर बिनधास्त दुरुस्त करा. आणि खासगी चॅटपेक्षा मोमेंट्समध्ये, म्हणजे ॲपमधल्या सगळ्यांना दिसणाऱ्या फीडमध्ये, पोस्ट टाका, तिथे दहा जण बघतात त्यातले दोघं-तिघं तरी सुधारून देतात. विषय आपल्याकडचेच घ्या, वटपौर्णिमेला वडाला दोरा का गुंडाळतात हे एन फोरच्या जपानीत समजावून बघा, कारण सांगायचं, क्रम सांगायचा, ‘असं मानतात’ म्हणायचं, सगळं व्याकरण एका पोस्टमध्ये वापरून होतं आणि लोक उत्सुकतेने प्रश्न विचारतात ते वेगळंच. नुसतं हाय, कसे आहात, याने गप्पा तिसऱ्या मेसेजला संपतात.

वेळेचं पण बघा. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, आपण जेवणं उरकून रात्री नऊला बसतो तेव्हा तिकडे साडेबारा झालेले असतात. संध्याकाळी पाच ते साडेसहा बेस्ट, नाहीतर शनिवार-रविवार सकाळ.

याने क्लास सुटेल असं मात्र समजू नका. ‘वा’ आणि ‘गा’ या नामामागे लागणाऱ्या प्रत्ययांमधला फरक विचारला तर समोरचा म्हणणार असंच म्हणतात, आणि त्याचं बरोबरच आहे, आपल्याला तरी मराठीचं व्याकरण कुठे असं पटकन सांगता येतं. दुसरं म्हणजे गप्पा मित्रांच्या भाषेत होतात. आयटीत जपानी क्लायंटला मेल लिहायची तर केइगो म्हणजे आदराची भाषा लागते, ती सेन्सेईंकडूनच (क्लासच्या शिक्षकांकडूनच) शिकावं लागतं.

मुलींसाठी महत्त्वाचं, भाषेशी काही देणंघेणं नसलेले मेसेज अशा सगळ्याच ॲपवर येतात. सेटिंगमध्ये वयाची मर्यादा आणि फक्त मुलींनाच दिसण्याचा पर्याय आहे, तो पहिल्या दिवशीच लावा. ओळख होत नाही तोवर लाइनचा (जपानमधलं चॅट ॲप) आयडी मागणारा, किंवा गुंतवणुकीच्या गोष्टी काढणारा, मुलगा असो की मुलगी, लगेच ब्लॉक.

पैसे भरायची घाई नको. फुकटमध्ये भाषांतर ठरावीक वेळाच करता येतं, पण शिकणाऱ्याला ते चांगलंच आहे, डोकं चालवावं लागतं. एकाहून जास्त भाषा एकदम शिकायच्या असतील तरच व्हीआयपीचा, म्हणजे पैसे भरून घ्यायच्या प्लॅनचा, विचार करा. आणि एन फाइव्ह आत्ताच सुरू केलंय त्यांनी हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या हाताखालून जाईपर्यंत थांबा, रोमन अक्षरांत लिहिलेलं जपानी वाचणं तिकडच्यांना फार जड जातं, उत्तरं मिळत नाहीत आणि मग उगाच ॲप वाईट वाटतं.