वंशशोधासाठी डीएनए किट घ्यावं का? किट, फॅमिलीसर्च आणि त्र्यंबकच्या वह्यांचा रोकडा हिशेब

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेत डीएनए किटचे (घरीच थुंकी किंवा गालातला नमुना घेऊन कंपनीला पाठवायची चाचणी) सेल लागतात आणि तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न फिरू लागतो: घ्यावं का? मत आधीच सांगून टाकतो. घराण्याची वंशावळ मागे न्यायची असेल तर पहिला पैसा किटवर घालू नका. किट नावं सांगत नाही. नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत असतात, फेरफारात (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत) असतात, शाळेच्या रजिस्टरात असतात. त्या कागदांतून एखादा नेमका प्रश्न उभा राहिला, की तो सोडवायला किट कामाला येतं. उलट क्रमाने गेलात तर हाती एक रंगीत नकाशा येतो आणि काम तिथेच थांबतं.

किट विकणाऱ्या कंपन्यांत डीएनएचा सर्वांत मोठा साठा ॲन्सेस्ट्रीचा, अडीच कोटींहून जास्त माणसांचा. छापील किंमत साधारण ९९ डॉलर. सेलमध्ये ती जवळजवळ निम्म्यावर येते, टपालखर्च वेगळा. मायहेरिटेज या दुसऱ्या कंपनीचं किट याहून स्वस्त पडतं. भारतातला पत्ता कंपनी घेते का, हे पैसे भरण्याआधी तपासून घ्या. आता अडीच कोटी हा आकडा ऐकायला भारी वाटतो, पण त्यात बहुसंख्य माणसं युरोपीय वंशाची. तुमच्या खापरपणजोबांचे इतर वंशज राजापूर, वाई, परभणीला बसलेत आणि त्यांनी कधी नळीत थुंकलेलं नाही. किट तुमचा डीएनए साठ्यातल्या इतरांशी जुळवून नातेवाईक शोधतं, आणि इथे जुळायला समोर माणूसच नाही. म्हणून मराठी माणसाच्या यादीत दूरच्या नातेवाइकांची लांबलचक रांग दिसते, त्यातल्या बहुतेकांनी आपली वंशावळ भरलेली नसते आणि पाठवलेल्या निरोपाला उत्तर येत नाही.

निकालातलं टक्केवारीचं पान (तुमचा किती वंश कुठल्या प्रदेशाचा, ते सांगणारं) तर मनोरंजन म्हणूनच पाहा. तिथे जिल्हा निघत नाही, जात निघत नाही, मूळ गाव तर नाहीच. ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीने गुजराती पाटीदारांसारखा एखादा गट वेगळा दाखवला, पण त्यासाठी त्या समाजाचे पुरेसे नमुने साठ्यात असावे लागतात. कंपनीने हिशेबाची पद्धत बदलली की टक्केही बदलतात. आणि पितृवंशाच्या रकान्यात आर१ए हा गट आला म्हणून कुणी उच्चकुलीन ठरत नाही. महाराष्ट्रात तो गट अनेक जातींत सापडतो.

खरी अडचण पुढे आहे आणि कंपन्यांच्या मदतपानांवर ती नीट सांगितलेली नसते. सामाईक डीएनए सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. आजोबा एकच असलेल्या दोघांत सरासरी ८७० च्या आसपास, पणजोबा एक असतील तर २३०, खापरपणजोबा एक असतील तर ७५. या शेवटच्या पायरीवर दहातल्या एका जोडीत काहीच सामाईक निघत नाही, आणि तरी ते नातेवाईक असतातच. हे आकडे बांधलेत ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या कुटुंबांवरून. आपल्याकडे शतकानुशतकं जातीतच लग्नं झाली, आणि अनेक समाजांत मामाची मुलगी करायची रीत होती. त्यामुळे दोन माणसं एकाच वेळी तीन-चार वाटांनी नातेवाईक असतात आणि बेरीज फुगते. किट 'पणजोबा एक' म्हणेल तिथे प्रत्यक्षात सहा पिढ्यांमागची चार वेगवेगळी नाती असू शकतात.

यावर उपाय आहे. एकूण बेरजेकडे न पाहता सर्वांत लांब सलग तुकडा किती, ते पाहायचं. २० सेंटिमॉर्गनहून मोठा तुकडा असेल तर त्या माणसाच्या मागे लागण्यात अर्थ आहे. सात-आठचे पुष्कळ तुकडे मिळून शंभर भरत असतील तर सोडून द्या. ॲन्सेस्ट्री सर्वांत लांब तुकड्याची लांबी सांगतं, पण तो कुठल्या गुणसूत्रावर आहे ते दाखवत नाही, मायहेरिटेज दाखवतं. ॲन्सेस्ट्रीवर चाचणी केली असेल तर कच्ची फाइल (तुमच्या डीएनएची मूळ माहिती) उतरवून जेडमॅच या तुलनेच्या संकेतस्थळावर चढवा. तिथे दोन माणसांची तुकड्यांनिशी तुलना फुकट होते. शिवाय आईवडील एकमेकांचे नातेवाईक होते का, हे तपासणारं एक साधन आहे. मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरात ते पहिल्यांदा चालवावं, म्हणजे पुढचे आकडे किती फुगलेत याचा अंदाज येतो.

किट कुणाचं करायचं? स्वतःचं सर्वांत शेवटी. हयात असलेली सर्वांत जुनी पिढी आधी: आजी, आत्या, चुलत आजोबा. प्रत्येक पिढीला निम्मा डीएनए गळतो, तेव्हा आजीचं एक किट नातवाच्या चार किटांहून मोलाचं. म्हाताऱ्या माणसाचं तोंड कोरडं पडतं आणि थुंकीची नळी रेषेपर्यंत भरत नाही (फेस धरायचा नाही, द्रवच रेषेला लागला पाहिजे). त्यांच्यासाठी गालाच्या आतून काडी फिरवायची मायहेरिटेजची किंवा फॅमिलीट्री डीएनए या कंपनीची पद्धत सोपी. आधी अर्धा तास खाणं, पिणं, तंबाखू बंद. नळीवरचा क्रमांक टपालात टाकण्यापूर्वी खात्यावर नोंदवा. एका घरात दोन किटं असतील तर एकाचं पूर्ण आटपून मगच दुसरं उघडा. नळ्यांची अदलाबदल झाली तर निकाल आल्यावर ती शोधणं फार जिकिरीचं होतं.

आमच्या मते मराठी घराण्याला सर्वांत उपयोगी पडते ती फॅमिलीट्री डीएनएची वाय-गुणसूत्राची (जे बापाकडून मुलाकडेच जातं) चाचणी, आणि तीही फक्त एका कामासाठी. समजा दोन गावांतली दोन कुलकर्णी घराणी. गोत्र एक, कुलदैवत एक, कागद मात्र १८५०च्या आसपास संपतात. आडनाव हा पुरावा नव्हे, कारण कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनाची नावं. दोन अगदी परक्या घराण्यांना ती मिळालेली असतात. अशा वेळी दोन्ही घरांतल्या एकेका पुरुषाची ३७ खुणांची चाचणी पुरते. दोघांच्या खुणांतला फरक चारच्या आत असेल तर शक्यता खुली, मग १११ खुणांपर्यंत जा. फरक वीसवर गेला तर पितृवंश वेगळा, विषय मिटला. फक्त दत्तकाचं भान ठेवा. दत्तक भावकीतून घेतलेला असेल तर वाय तेच राहतं. मुलीचा मुलगा किंवा बायकोचा भाचा घेतला असेल तर बदलतं. वंशावळ छापताना दत्तकाची खूण बऱ्याचदा गाळलेली असते. तेव्हा न जुळलेल्या निकालावरून घरातल्या कुठल्या आजीवर संशय घेण्याआधी दत्तकपत्र शोधा.

आता कागद. फॅमिलीसर्च ही सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चची सेवा, पूर्ण फुकट. हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा इथल्या पंड्यांच्या वह्यांच्या प्रतिमा तिथे आहेत. नाव टाकून शोधायच्या खिडकीवर विसंबू नका. कॅटलॉगमध्ये जाऊन स्थळानुसार यादी उघडायची आणि पान पान उलटायचं. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली तर ती प्रत घरून उघडत नाही, त्यांच्या केंद्रातच बघावी लागते. पंजाब-हरियाणाच्या कुटुंबाला ही सोन्याची खाण आहे. मराठी कुटुंबाचं काम मात्र यातून क्वचितच भागतं. आपली माणसं नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरला जास्त गेली. काशी-गयेला गेलेल्यांच्या नोंदी तिथल्या पंड्यांकडेच आहेत.

म्हणून त्र्यंबकेश्वर. पैसा वसूल म्हणावा अशी या सगळ्यातली एकच जागा. प्रत्येक गावाचे, प्रत्येक आडनावाचे उपाध्ये ठरलेले असतात आणि त्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्यांच्या नामावळ्या असतात. जाताना पाच गोष्टी लिहून न्या: मूळ गाव (सध्याचं नव्हे), आडनाव आणि असल्यास जुनं उपनाव, जात व गोत्र, कुलदैवत, आणि आजोबा-पणजोबांची वडिलांच्या नावांसह पूर्ण नावं. मंदिराच्या आसपास विचारताना 'अमुक गावचे, अमुक आडनावाचे उपाध्ये कोण' एवढंच विचारा. नारायण नागबळीच्या गर्दीत, श्रावणी सोमवारी जाऊ नका. सिंहस्थात तर मुळीच नको. दक्षिणेचा दर नाही. शोधायला दोन तास लागले तर त्या श्रमाचा मान ठेवून द्या. फोटो काढण्यापूर्वी विचारा, काही घरी फक्त उतरवून घेऊ देतात.

जुनी पानं मोडीत असतात. वाचणारा सोबत न्या, किंवा परवानगी मिळाली तर फोटो घेऊन मोडी जाणकाराकडून वाचून घ्या. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीची चौकशी करता येते. नोंद मिळाली की दोन प्रकार वेगळे करा. यात्रेकरूने स्वतः सांगून सही केलेली नोंद ही पक्की. नंतरच्या माणसाने आल्यावर वरच्या पिढ्या उतरवून काढलेली नोंद कच्ची, आणि चुका शिरतात त्या इथेच: आजोबा आणि नातू यांचं नाव एकच असल्यामुळे मधल्या दोन पिढ्या गळतात. मुली बहुधा नसतात, बालपणी गेलेली मुलं नसतात, बायकांची असलीच तर सासरची नावं असतात. शिवाय ज्यांना यात्रा परवडली नाही, किंवा ज्यांना त्या दारात उभं राहू दिलं गेलं नाही, त्यांच्या वह्याच नाहीत. वहीत नाव नाही म्हणून घराणं नवं, असा अर्थ काढू नये.

अशा घरांसाठी, आणि एरवीही, महसुलाचं दप्तर जास्त न्यायाचं. वारसाचा फेरफार म्हणजे एका पानावरची वंशावळ: मयताचं नाव, मृत्यूची तारीख, मुलगे, विधवा. १९५६च्या वारसा कायद्यानंतर मुलीही दिसू लागतात, लग्नानंतरच्या नावांसकट. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे एकाच भावाचं नाव असलं तरी बाकीचे भाऊ होते असं समजा. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) मुलगा आणि त्याचा पालनकर्ता. यावरून मुलाच्या जन्माचा अंदाज बांधता येतो. राज्याच्या 'आपले अभिलेख' या पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार निवडून जुने फेरफार बघता येतात. सगळे तालुके सारखे भरलेले नाहीत. नसेल तिथे तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा. सर्व्हे नंबर हाताशी असेल तर काम होतं, नुसत्या आडनावावर कारकून शोधून देत नाही. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्ममृत्यूसोबत जातीचीही नोंद असते. न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ पासून हेच दप्तर उपसलं गेलं आणि त्यातली पुष्कळ पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. हा फायदा जातीच्या दाखल्याशी देणंघेणं नसलेल्यांनीही घ्यावा. शाळेचं रजिस्टर चांगलं, मात्र त्यातल्या १ जून या जन्मतारखेवर काडीचा विश्वास ठेवू नका. ती बहुतेक वेळा मास्तरांनी टाकलेली असते.

तारखांचा गुंता आधीच सोडवून ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, शेवटच्या तीनेक महिन्यांसाठी ७९. फसली या महसुली सनात ५९०. म्हणजे शके १८०५ आणि फसली १२९३ हे जवळपास एकच, १८८३-८४. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत. त्यात ५९९ मिळवा. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१, पानिपताचं साल, १७६०-६१.

गोव्याच्या घराण्यांसाठी पणजीचं पुराभिलेखागार आणि चर्चच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या. पोर्तुगीज वाचता येणारं माणूस हवं. गावकार (गावच्या मूळ हक्कदारांचं) कुटुंब असेल तर कोमुनिदादीचं, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचं, दप्तरही पाहा. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये उत्तम काम होतं: गिरमिटिया (करारावर मजुरीला नेलेल्या) पूर्वजाचा क्रमांक मिळाला की बाप, जात, जिल्हा, गाव अशी माहिती निघू शकते. डीएनए किट खरंच शोभतं ते इथे. मॉरिशसमधल्या एकाने आणि रत्नागिरीच्या त्या गावातल्या संशयित भावकीतल्या दोघा-तिघा वृद्धांनी चाचणी केली, तर कागदावरचं गाव पडताळता येतं. खर्च वाटून घ्या.

किट घ्यायचंच ठरलं तर खातं उघडताना संशोधनाच्या संमतीची खूण काढून टाका, नमुना साठवण्याऐवजी नष्ट करायला सांगा आणि पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरलेला नसावा. २०२३ साली ट्वेंटीथ्री अँड मीची सुमारे ६९ लाख माणसांची माहिती बाहेर गेली, तिची सुरुवात इतर संकेतस्थळांवरून चोरलेल्या पासवर्डांनी झाली होती. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी ती विकली गेली. कच्ची फाइल आपल्याकडे उतरवून ठेवा. आणि आजीचं किट करणार असाल तर निकाल काय काय निघू शकतो हे आधी तिला मराठीत नीट समजावून सांगा. खाली सही करायचा मजकूर इंग्रजीत आणि लांबलचक असतो.